पत्र वाचणारा तिसरा माणूस

गेली नऊ वर्षे मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना 'इतिहासाची साधने' हे प्रकरण असते. बखरी, शकावल्या, सनदा, पत्रव्यवहार ही नावे मुले पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. दोन वर्षांपूर्वी मला वाटले, साधन म्हणजे काय ते मुलांच्या हाताला कळावे. म्हणून सांगितले, पुढच्या सोमवारी येताना आपापल्या घरातला सर्वांत जुना कागद घेऊन या.

सोमवारी कागद आले. एका मुलाने मोडीतले खरेदीखत आणले. एका मुलीने पणजोबांनी पुण्याहून पणजीला पाठवलेली पत्रे आणली. पुडक्याला अजून रेशमी दोरा होता. आपल्या वस्त्यांतून येणाऱ्या मुलांनीही कागद आणले होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, गिरणीचा पास, सरकारी दवाखान्यातला केसपेपर. सगळे कागद कुठल्या ना कुठल्या कचेरीने दिलेले. एकही कागद असा नव्हता की जो घरातल्या एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिला आहे.

हे माझ्या लक्षात आले नव्हते. ते लक्षात आले एका मुलीच्या. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, त्यांच्या घरात पत्रं आहेत. आमच्यात असलं काहीच नाही. आमच्या लोकांना एकमेकांची माया नव्हती का?"

मी तिला मास्तरी उत्तर दिले. साधन नाही म्हणजे घटना घडली नाही असे होत नाही, वगैरे. तिने मान हलवली आणि ती गेली. पण हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाच कळले होते. प्रस्तुत लेख हा त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या जीवनाबद्दल दोन प्रकारचे लेखन झाले. बाहेरून आलेल्यांनी आपली पाहणी केली. घरात माणसे किती, मिळकत किती, कर्ज किती, दारू पितो की नाही, बायकोला मारतो की नाही. त्या तक्त्यांत मायेचा रकाना नव्हता. मग आपण स्वतः लिहू लागलो. आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, अपमान लिहिला, आणि ते लिहिणे ही इतिहासाची गरज होती. त्यात आई आली, आणि ती फार मोठी होऊन आली. पण आई आणि बाप हे एकमेकांचे कोण होते, रात्री दिवा मालवल्यावर ती दोघे एकमेकांशी काय बोलत होती, हे मुलांनी लिहिले नाही. मुलांना ते ठाऊक नव्हते. कित्येक घरांत बोलायला ती दोघे एका ठिकाणी नव्हतीच.

माझे घर त्यांपैकी एक. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, नीरेच्या अलीकडे. आजोबा १९५० साली मुंबईला गिरणीत गेले आणि १९८२च्या संपानंतर गावी परतले. आजी या सगळ्या वर्षांत गावी. लग्न १९५३चे. म्हणजे एकोणतीस वर्षांचा संसार. त्यात आजोबा शिमग्याला, जत्रेला आणि कुणी मेले तर, असे घरी येत. वडील म्हणत, सगळे दिवस जोडले तर तीन वर्षांचा संसार भरायचा नाही. लहानपणी मला वाटे, आजोबांना आजीची ओढ नसावी. मोठेपणी, चार पुस्तके वाचल्यावर, मी त्याला 'स्थलांतर' असे नाव दिले आणि मोकळा झालो.

आजी चार वर्षांपूर्वी वारली. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी गावी गेलो आणि आजीचा डालड्याचा डबा उघडला. त्यात छत्तीस कपटे होते. मनिऑर्डरीच्या फॉर्मचा खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहत असे. त्यावर दोन-चार ओळी लिहायला जागा असे. टपाल खात्याने मनिऑर्डरीचे काम १८८० साली हाती घेतले. तेव्हापासून गावाकडच्या लाखो घरांत हा कपटा आला असेल. पैसे मोजून घेतले की बहुतेक ठिकाणी तो चुलीत जात असणार. आमच्या आजीने छत्तीस जपून ठेवले. मी ते तारखेप्रमाणे लावले आणि अक्षर पाहू लागलो. छत्तीस कपट्यांवर अकरा निरनिराळी अक्षरे आहेत. त्यांतले एकही आजोबांचे नाही.

आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते. त्यांना जुळवून जुळवून वाचता येई, पण लिहिण्याचा हात बसला नव्हता. मग खोलीतला कुणी शिकलेला, नाहीतर टपाल कचेरीबाहेर बसणारा लिहिणारा, त्यांच्यासाठी लिही. मजकूर बहुतेक एकच: रुपये वीस पाठविले आहेत, घरच्यांची काळजी घेणे, इकडील सर्व खुशाल.

ही दोघे एका छपराखाली का राहिली नाहीत? याचे उत्तर त्यांच्या स्वभावात नाही; ते गिरणीत आणि गावकीत आहे.

आधी गिरणी. मुंबईच्या कापडगिरण्यांत बरा पगार साळखात्यात, म्हणजे मागावर होता. आपल्या माणसाला तिथे शिरू देत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसे रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गाची एकजूट सांगणाऱ्यांची अडचण झाली होती. आजोबा गिरणीत गेले तेव्हा राज्यघटना लागू झालेली होती. पण गिरणीत काम ओळखीने मिळे; ज्या चुलत्याच्या ओळखीने जायचे तो रिंग खात्यातच होता, म्हणून पुतण्याही रिंग खात्यातच गेला. कायदा बदलला तरी वाट जुनीच राहते, ती अशी.

त्यातही आजोबा कितीतरी वर्षे बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. ज्याचा या महिन्याचा पगार ठरलेला नाही तो बायकोला मुंबईला कोणत्या भरवशावर आणणार? राहायला नायगावच्या बी. डी. डी. चाळीतली गावकीची खोली. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तीत आमच्या पंचक्रोशीतले चौदा-पंधरा बाप्ये पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठून गेला की त्याच्याच वाकळेवर दिवसपाळीचा पडे. त्या खोलीत बाईमाणसाला जागा कुठली? १९२१ आणि १९३१च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बाया नव्हत्या. शहराने पुरुषाचे हात मागवले होते. त्याचे घर गावातच ठेवले होते.

आता गाव. तिथे वतन होते. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा घरात ठेवायचा तर राबता चुकवून चालत नसे. येसकराची पाळी आली आणि घरचा बाप्या मुंबईला असला तर ती पाळी त्याच्या बापाने, भावाने, नाहीतर बायकोने भरायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पण वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर नवरा गिरणीने धरलेला आणि बायको गावकीने धरलेली. आपण ज्याला घराची ताटातूट म्हणतो ती अशी दोन ठिकाणच्या जातीने मिळून केलेली होती.

इथवर आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. पुढची गोष्ट मात्र कागदावर आली नाही. ताटातूट झालेली माणसे एकमेकांशी बोलत कशी होती?

ती तिसऱ्या माणसाच्या तोंडाने बोलत. मुंबईत सांगणार आजोबा, लिहिणार दुसराच. गावात टपालवाला येई तो वाड्यात शिरत नसे. बाहेर बाभळीखाली उभा राहून हाक मारी. आजीने तिथे जायचे, लांब उभे राहायचे, तो कपटा वाचून दाखवणार ते ऐकायचे. अंगठा उठवायचा तर साक्षीदाराची सही लागे. साक्षीदार म्हणून सही येणारा कुणी गाठून आणायचा, म्हणजे आणखी एक माणूस ऐकायला. नवऱ्याने बायकोला पाठवलेला शब्द चार माणसांच्या कानांतून तिच्यापर्यंत यायचा, आणि त्यांतल्या एकाला तिचा विटाळ होत होता.

अशा ठिकाणी कोण काय बोलेल? तुझी आठवण येते, असे आजोबा त्या लिहिणाऱ्याला सांगतील? आणि सांगितलेच, तर बाभळीखाली ते मोठ्याने वाचले जात असताना आजीने कुठे पाहायचे? म्हणून 'सर्व खुशाल' हा शब्द आला. तो कोरडा नाही. आपले जे आहे ते परक्याच्या हाती लागू नये म्हणून केलेला तो आडोसा आहे. आपल्या आई-आज्यांनी जशा फाटक्या लुगड्याच्या आडोशाने अंघोळी केल्या, तसाच.

त्या आडोशामागे काय होते हे दाखवणारा एक कपटा मला सापडला. आजीची पहिली मुलगी १९५७च्या श्रावणात गोवराने गेली. अडीच वर्षांची होती. शाळेच्या मास्तरांकडून कार्ड लिहवून मुंबईला धाडले, ते चौथ्या दिवशी पोचले. आजोबांना त्या महिन्यात कायम करण्याची बोलणी चालली होती. दारातून हलले तर जागा जाणार. ते अकराव्या दिवशी आले आणि दोन रात्री राहून गेले. मी आजीला एकदा विचारले होते, तुम्ही काय बोललात? ती म्हणाली, "काय बोलायचं? त्यांनी भाकरी खाल्ली न्हाई, मी बी न्हाई. सासू म्हनली, खावा. मग दोघांनी खाल्ली."

त्याच्या पुढच्या महिन्याचा कपटा डब्यात आहे. शिक्का स्पष्ट आहे. अक्षर ज्याचे आहे त्या माणसाने आणखी पाच कपटे लिहिलेले आहेत. त्या पाचांवर 'घरच्यांची काळजी घेणे' असेच वाक्य आहे. या एकावर मात्र आहे: 'स्वतःची काळजी घेणे.' छत्तीस कपट्यांत 'स्वतः' हा शब्द या एकाच ठिकाणी येतो. लिहिणारा तोच, वाक्य तेच; बदललेला शब्द सांगणाऱ्याचा आहे. माझ्या आजोबांनी माझ्या आजीला एकोणतीस वर्षांत कागदावर पाठवलेला खाजगी शब्द एवढाच. टपालवाल्याने तो वाचला असेल आणि त्याला काही कळले नसेल. आजीला कळले. नाहीतर चौसष्ट वर्षे तिने तो डब्यात ठेवला नसता.

आपल्या चळवळीत शिक्षणाचे महत्त्व सांगताना आपण नोकरी सांगतो, हक्क सांगतो, प्रतिनिधित्व सांगतो. ते सगळे खरेच आहे. पण अक्षराचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपण कधी मोठ्याने सांगितला नाही. अक्षर आले की आपल्या माणसाशी बोलताना मध्ये तिसरा माणूस लागत नाही.

हे ज्यांच्या आयुष्यात प्रथम घडलेले दिसते त्या सावित्रीबाई. त्या आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयातून १९८८ साली ती सर्वांपुढे आली. १८५६ सालचे पहिले पत्र आजारपणात माहेरी गेलेल्या बायकोचे आहे. ती नवऱ्याला प्रकृती कळवते, भावाने किती जीव लावून शुश्रूषा केली ते सांगते. आणि त्याच भावाशी महार-मांगांना शिकवण्यावरून झालेला वाद सांगते. माया करणारा भाऊ आणि जात पाळणारा भाऊ हा एकच माणूस आहे, हे तिला दिसते आणि ते ती लपवत नाही. हे पत्र तिने भावाकडूनच लिहवून घेतले असते तर? वादाची ओळ पत्रात आलीच नसती. स्वतःच्या हाताने लिहिणे म्हणजे काय, ते इथे कळते.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८चे. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची अस्पृश्य समाजातली मुलगी यांचे एकमेकांवर मन बसले. तिला सहावा महिना होता. गावाने दोघांना मारीत मारीत मिरवले, पुढे जिवे मारायचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, दोघांना सोडवले आणि जोतीरावांकडे पाठवून दिले. शारजाला अक्षर येत नसावे. तिच्या मायेचा तिच्या बाजूने एकही कागद नाही. ती आपल्याला माहीत आहे ती दुसऱ्या एका बाईला नवऱ्याला पत्र लिहिता येत होते म्हणून. १८७७चे तिसरे पत्र ओतूरहून, दुष्काळातले. माणसे गाव सोडताहेत, पोटची मुले विकताहेत, हे त्यात येते. नवरा-बायकोच्या पत्रात सबंध मुलूख येतो. त्यांचे खाजगी आणि सार्वजनिक वेगळे नव्हते.

आणि ही गोष्ट केवळ फुले दांपत्यापुरती नाही. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. अक्षर हाती आल्यावर तिने धर्माला जाब विचारला, आणि त्याच निबंधात उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या वेदनाही लिहिल्या. त्याआधी ते दुःख कुणी कागदावर घातले होते?

बाबासाहेबांच्या घराकडेही याच नजरेने पाहावे. रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बापाचे मन मोकळे झालेले दिसते. शिकलेल्या माणसाला आपले दुःख मित्राला लिहिता आले. रमाबाईंचे दुःख मात्र आपण दुसऱ्यांच्या आठवणींतूनच ओळखतो. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहात गेल्या. पुढे पाचेक वर्षांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ निघाला. तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आहे. कुणी मित्र नव्हता त्या हलाखीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसले, अशी कृतज्ञता तिथे नोंदवली आहे. राजकारणाचा एवढा कठोर ग्रंथ, आणि त्याच्या दारात बायकोचे घरातले नाव. ते नाव तिथे घालणाऱ्याला माहीत होते की जगाने ते वाचावे. पण ते वाचायला ती नव्हती.

पुन्हा आमच्या घराकडे येतो. साक्षरतेच्या ग्रामशिक्षण मोहिमेची सुरुवात १९५९ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात झाली. गावोगाव वर्ग निघाले आणि पुढे ही मोहीम महाराष्ट्रभर गेली. तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण आमच्या गावचा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरे. आमची माणसे बौद्ध झालेली. ती देवळात जाणार नाहीत आणि गाव त्यांना तिथे बसू देणार नाही. आजीचा नंबर तेव्हा हुकला.

१९६९ साली वडील आठ वर्षांचे झाले आणि कपटा वाचू लागले. आजी त्या दिवसाची गोष्ट सांगे. टपालवाला वाचायला लागला तर तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या हिकडं, माझा लेक वाचतोय." घरातला पहिला शिकलेला म्हणजे घराला काय वाटत असेल ते या वाक्यात आहे. पण तिसरा माणूस अजून होताच; आता तो पोटचा पोर होता. परक्यासमोर न बोलायचे ते पोरासमोरही बोलता येत नाही.

प्रौढ शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ला सुरू झाला. पुढल्या वर्षी आमच्या विहारात कंदिलाच्या उजेडात बायांचा वर्ग बसला. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाया, पाटी मांडीवर घेऊन. आजी तेव्हा चाळिशीच्या पुढची. तिला सहा महिन्यांत अक्षरे जुळवता आली. १९८०च्या उन्हाळ्यात तिने मुंबईला एक पोस्टकार्ड पाठवले. ते आज माझ्यापुढे आहे. अक्षरे कलती, रेघ चढत गेलेली. मजकूर असा: "मी बरी हाय. तुमी या. ह्ये मी लिवलंय."

पहिली दोन वाक्ये कुणीही लिहून दिली असती. तिसरे वाक्य फक्त तीच लिहू शकत होती.

कार्ड माझ्याकडे कसे आले तेही सांगतो. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबांसारख्या हजारोंना पुन्हा कधी आत जाता आले नाही. ते एक ट्रंक आणि एक डबा घेऊन गावी आले. १९९६ साली ते वारल्यावर वडिलांनी त्यांचा गिरणीचा पास पाहिला. पासाच्या पाकिटात, फोटोच्या मागे, दुमडून ते कार्ड ठेवलेले होते. जुळवून जुळवून वाचता येणाऱ्या माणसाने ते किती वेळा वाचले असेल, ते त्याच्या घड्यांवरून दिसते. त्या दोघांचे एकमेकांना पोचलेले, मध्ये कुणी नसलेले पत्र ते एकच.

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण खोटा होईल. संपानंतरची चौदा वर्षे दोघे एका छपराखाली राहिली. ती सुखाची नव्हती. गिरणी गेल्याचा राग आजोबा आजीवर काढीत. मी ते लहानपणी पाहिले आहे. पासात कार्ड ठेवणारा हात आणि तिच्यावर उगारलेला हात एकच होता. सावित्रीबाईंनी भावाबद्दल जे लपवले नाही ते मीही आजोबांबद्दल लपवू नये. आजीने एकोणतीस वर्षे वाट पाहिली याला आपण त्याग म्हणतो आणि तिच्या तसबिरीला हार घालतो. पण तिला वाट पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नव्हते. जे निवडलेले नाही त्याला त्याग म्हणणे ही आपली सोय आहे.

आमच्याच जिल्ह्यात फलटणला राहणाऱ्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या ते कितीतरी वर्षे नवऱ्यापासून लपवून लिहीत होत्या. लिहिलेले कागद घरात दडवून ठेवीत. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली बाई, आणि तिला आपल्याच घरात चोरून लिहावे लागले. म्हणजे टपालवाला आणि साक्षीदार गेले तरी बाईच्या अक्षरावर पहारा करणारा कुणीतरी उरलाच. तो आपल्या घरातला होता. मायेचा इतिहास लिहायचा तर त्यात हेही लिहावे लागेल. आणि माझेही लिहावे लागेल. मी इतिहासाचा पदवीधर. आजी जिवंत असताना तिचा डबा कधी उघडून पाहावा असे मला वाटले नाही. माझी साधने पेशवे दप्तरात होती.

या वर्षी मी वर्गात घरचा कागद मागितला नाही. मी मुलांना सांगितले, आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तीन प्रश्न विचारून या. तुझ्या नावाने आलेला पहिला कागद कोणता? तो तुला कुणी वाचून दाखवला? आणि त्या माणसासमोर तुला काय बोलता आले नाही?

जिच्या प्रश्नाने हे सगळे सुरू झाले ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, पण ती या तासाला येऊन बसली. तिने तिच्या आजीला विचारून आणले होते. आजीचा नवरा पुण्याला ॲम्युनिशन फॅक्टरीत हमाल होता. तिला कार्ड आले की ती ते वाचून घेतल्यावर परत मागून घेई आणि उशीखाली ठेवी. वाचता येत नव्हते, तरी ठेवी. मुलीने विचारले, वाचता येत नव्हतं तर ठेवायचीस कशाला? आजी म्हणाली, "त्यांच्या हातातनं आलेलं हाय न्हवं."

मुलीने हे वहीत लिहून घेतले आहे, तारीख घालून. खाली तिने सही केली आहे आणि आजीचा अंगठा घेतला आहे. मी तिला म्हणालो, हे साधन आहे, जपून ठेव. ती म्हणाली, "सर, आजीला सही शिकवतेय. पुढच्या वेळी अंगठा नको."